चारशे पुलांच्या गावात आमची चुकामूक

जत्रेत माणूस चुकले तर जिथे हात सुटला तिथेच उभे राहावे, हे मी माझ्या मुलांना लहानपणी शंभर वेळा बजावले असेल. पण मे २०२४ मध्ये इटलीतल्या व्हेनिस शहरात ह्यांची नि माझी चुकामूक झाली, तेव्हा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मीच तो धडा विसरले. त्या एका दिवसाची ही हकीकत. ती वाचून कोणी हसले तरी चालेल; पण उद्या पंढरपूरला जा, काशीला जा नाहीतर परदेशी जा, तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात. घरची दोन एकर द्राक्षबाग. थोरल्या मुलाने आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त युरोपच्या सहलीचे पैसे भरले. "आई, तू आयुष्यात बागेच्या बाहेर पडली नाहीस," असे त्याचे म्हणणे. एप्रिलची खरड छाटणी उरकली, बाग धाकट्या दिरांच्या हवाली केली आणि आम्ही उभयता चाळीस माणसांच्या जथ्याबरोबर विमानात बसलो.

निघताना सगळी तयारी ह्यांनी केली. दोघांचे पासपोर्ट ह्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत. पैसे तिथेच. परदेशात चालणारे कार्ड घातलेला मोबाईल ह्यांच्या खिशात, माझा घरीच सुनेजवळ ठेवला, कारण "दोन-दोन कशाला, मी हायेच की!" गळ्यात घालायचा सहलीचा बिल्ला साडीच्या काठात अडकतो म्हणून तोही मी त्याच पिशवीत टाकला. म्हणजे माझ्याजवळ काय, तर अंगावरची साडी, गळ्यातले मंगळसूत्र आणि कमरेच्या पिशवीतली सुपारी.

पाण्यावरचे गाव

व्हेनिस हे गाव समुद्राच्या उथळ खाजणात शंभराहून अधिक लहान बेटांवर वसले आहे. बेटांच्या मधून कालवे आणि कालव्यांवर चारशेहून अधिक पूल. जुन्या लोकांनी चिखलात लाकडाच्या हजारो मेखा ठोकल्या आणि त्यांवर दगडी वाडे उभे केले. चिखलात हवा लागत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. गावात मोटार नाही, फटफटी नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. भाजी होडीतून येते, कचरा होडीतून जातो, आजारी माणसाला दवाखान्यात होडीच नेते. मुख्य जमिनीशी गाव जोडले ते १८४६ साली रेल्वेच्या पुलाने आणि १९३३ साली मोटारींच्या पुलाने. त्या पुलापलीकडे गाड्यांचा तळ आहे, त्रोंकेत्तो त्याचे नाव. तिथे आमची बस थांबली आणि पुढे आम्ही होडीने निघालो.

आमच्यासारख्या दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून त्या वर्षापासून ठरावीक दिवशी माणशी ५ युरो प्रवेशपट्टी घेऊ लागले होते. आम्ही गेलो तो शनिवार त्यातलाच. खुद्द जुन्या गावात कायमची वस्ती आता ५० हजारांच्या आत आली आहे आणि पाहुण्यांची रीघ मात्र अशी की आपल्याकडची आषाढी आठवावी.

होडी काठाला लागली, तिथे घोड्यावर बसलेल्या राजाचा मोठा पुतळा आहे. तो मी खूण म्हणून मनात धरला. पुढे सान मार्कोचा प्रचंड चौक. घुमटांचे देऊळ, जुन्या राज्यकर्त्यांचा राजवाडा आणि जवळजवळ ९९ मीटर उंचीचा विटांचा मनोरा. हा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी आपल्या आपण कोसळला होता. १९१२ मध्ये होता तसा पुन्हा बांधला. पायऱ्यांवर बसून मी दशम्यांचे गाठोडे सोडणार, तोच शिपाई धावत आला. तिथे बसून खाल्ले तर दंड होतो. गाठोडे पुन्हा ह्यांच्या पिशवीत गेले.

सहलीच्या व्यवस्थापकांनी सांगितले, "एक वाजेपर्यंत मोकळे फिरा. एक वाजता मनोऱ्याखाली जमा. मग गोंडोला नावेची फेरी. चार वाजता परतीची होडी." बाकीचे लोक काचेची भांडी बघायला गेले. हे म्हणाले, "काच काय बघायची? हितली मंडई बघू."

बोंडांचा ढीग

शेतकऱ्याला परगावी गेल्यावर बाजारात काय भाव आहे हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. रिआल्तोच्या दगडी पुलापलीकडे तिथली जुनी मंडई आहे. १५९१ साली पुरा झालेला तो पूल चढून उतरलो आणि मंडईत शिरलो. टोमॅटो, वाटाणा, कांद्याच्या वेण्या, पलीकडे मासळी. एका गाळ्यावर जांभळी, काटेरी बोंडे रचली होती. आर्टिचोक म्हणतात त्याला. आपल्या करडईच्याच कुळातले झाड. बोंड मात्र मुठीएवढे. जवळच्या सांत एरास्मो बेटावर ती पिकते. झाडाच्या शेंड्याचे पहिले बोंड कोवळेपणीच कापतात, म्हणजे खालच्या फांद्यांना बोंडे जोमाने येतात. शेंडा मारला की फुटवा वाढतो, हे आपल्याला का नवे आहे? ते पहिले बोंड वर्षातून थोडेच दिवस मिळते आणि म्हणून महाग विकते.

गाळ्यावरचा माणूस सुरीने बोंड असे फिरवून सोलत होता, की पाने भराभर गळून खाली नुसता पांढरा तळ राहावा. तो लिंबाच्या पाण्यात टाकायचा आणि दुसरे बोंड घ्यायचे. मी बघतच राहिले. पाच-सात मिनिटे गेली असतील. "अहो, हे बघा," म्हणून वळले, तर हे नाहीत.

घरी बांधावरून जाताना हे दहा पावले पुढे आणि मी मागे, ही चाळीस वर्षांची रीत. पुढच्याने मागे बघायचे नसते आणि मागच्याने थांबायचे नसते. मी थांबले, तिथे चूक झाली. ह्यांनी बघितले नाही, तिथे दुसरी झाली.

"पी"च्या मागे

तिथेच उभी राहिले असते तर हे अर्ध्या तासात परत आले असते, हे मागाहून कळले. पण छातीत धस्स झाले आणि पाय आपोआप चालू लागले. एका बोळातून दुसऱ्या बोळात, एका पुलावरून दुसऱ्या पुलावर. बोळ इतके अरुंद की दोन छत्र्या एकमेकींना घासाव्यात. काही बोळ सरळ पाण्यातच संपतात. घरांचे नंबर रस्त्यावार नाहीत. साऱ्या गावाचे सहा भाग आणि प्रत्येक भागात नंबर हजारांत चढत गेलेले.

इंग्रजी अक्षरे म्हणाल तर खताच्या पोत्यावरची एन, पी, के एवढीच माझ्या ओळखीची. भिंतींवर पिवळ्या पाट्या होत्या, त्यांवर बाण. पाटीवर सुरुवातीला "पी" दिसला. वाटले, चला, ओळखीचे कोणीतरी भेटले! पी दिसला की मी वळायची. असे पाच-सहा वेळा वळले. रात्री मुलाने फोनवर सांगितले, की "पेर" म्हणजे त्यांच्या भाषेत "च्याकडे", आणि तो शब्द बहुतेक पाट्यांवर असतो. पी मला कुठेही नेऊ शकत होता, आणि त्याने नेलेही.

तासभर फिरून एका मोकळ्या चौकात आले. सान पोलोचा चौक तो. मुले चेंडू खेळत होती. ऊन रणरणत होते. मंडई कोणत्या दिशेला, समुद्र कोणत्या दिशेला, काही कळेना. एक वाजल्याचे टोले पडले. मनोऱ्याखाली सगळे जमले असतील, मी नाही म्हणून हे घाबरले असतील, का रागावले असतील? जवळ पैसा नाही, कागद नाही, नाव विचारायला भाषा नाही. खोटे कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आले.

मिठाच्या पाण्यातली गोडी विहीर

चौकात दगडी कठड्याची विहीर दिसली. बाईमाणसाचे पाय विहिरीकडे वळतात, तसे माझे वळले. पण विहिरीवर लोखंडी झाकण ठोकलेले. तिच्या कठड्याला टेकून मी खाली बसले.

व्हेनिसच्या या विहिरींची गंमत मला नंतर कळली, ती तुम्हाला सांगण्यासारखी आहे. चारी बाजूंनी पाणी, पण सगळे खारे. प्यायला थेंब नाही. मग त्या लोकांनी काय केले? चौकाखाली मोठा खड्डा खणला, आतून चिकणमातीचा जाड लेप दिला म्हणजे खारे पाणी आत पाझरू नये, आणि खड्डा वाळूने भरला. मधोमध विटांची विहीर वर काढली. चौकाला उतार देऊन दगडी जाळ्या बसवल्या. पावसाचे पाणी जाळीतून वाळूत, वाळूतून गाळून विहिरीत. आपण आज छपराचे पाणी बोअरात सोडायच्या गोष्टी करतो. त्यांनी ते कित्येक शतकांपूर्वी केले. पाऊस कमी पडला की ब्रेंता नदीचे पाणी होड्यांनी आणून विहिरीत ओतत. खांद्यावर कावड घेऊन दारोदार पाणी विकणाऱ्या बायका असत. १८८४ साली नळाचे पाणी आले आणि मग विहिरी हळूहळू बंद पडल्या. कठडे मात्र शेकड्यांनी अजून उभे आहेत.

त्या वेळी मला यातले काही ठाऊक नव्हते. एवढेच कळत होते की घसा कोरडा पडला आहे.

चाकाची पिशवी ओढत एक म्हातारी आली. सत्तरी उलटलेली असेल. तिने मला बघितले, पुढे गेली, परत आली. चौकातल्या नळाकडे नेऊन ओंजळ धरायची खूण केली. पाणी प्याले. तिच्या पिशवीतून तीच जांभळी बोंडे डोकावत होती. ती काहीतरी विचारू लागली. मी मराठीत उत्तर देऊ लागले. शेवटी मी मंगळसूत्र दाखवले, दोन बोटे वर केली, एक बोट लपवले आणि हात हलवले. बाईला बाईचे कळले. तिने कपाळावर हात मारला, मला तिथेच बसायची खूण केली आणि पलीकडच्या खानावळीतून एका पोऱ्याला हाताला धरून आणले.

तो पोरगा बांगलादेशचा. त्या भागात बांगलादेशचे पुष्कळ लोक खानावळींत आणि कारखान्यांत काम करतात. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "माँजी, क्या हुआ?" ती "माँजी" ऐकून मला जो हुंदका आला, तो काही केल्या आवरेना.

मोटारीच्या खोलीवरचा नंबर

"कोणाचा फोन नंबर आहे का?" त्याने विचारले. नंबर सगळे फोनमध्ये. ह्यांचा परदेशातला नंबर तर मला कधी कोणी सांगितलाच नव्हता. मुलाचा नंबर? त्याचे नाव दाबले की लागतो, एवढेच माहीत. व्यवस्थापकांचा नंबर बिल्ल्यावर, बिल्ला पिशवीत, पिशवी ह्यांच्याकडे.

मी पुन्हा त्या कठड्याला टेकले. आमची मळ्यातली विहीर डोळ्यांपुढे आली. तिच्या शेजारी मोटारीची खोली. खोलीच्या भिंतीवर द्राक्षाच्या व्यापाऱ्यांसाठी भाऊजींनी तांबड्या रंगात हातभर मोठे आकडे रंगवून घेतले आहेत. सहा वर्षे रोज तिथे उभी राहून मी धुणे धुते. डोळे मिटले तर भिंत दिसली आणि भिंतीवरचे दहाच्या दहा आकडे दिसले. मी एकेक करून सांगत गेले, पोऱ्या दाबत गेला.

आमच्याकडे दुपारचे दोन, तर गावाकडे संध्याकाळचे साडेपाच. भाऊजी बागेत औषध मारत होते. परदेशचा नंबर बघून आधी त्यांनी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला. "भाऊजी, मी बोलतेय, मी चुकलीया," एवढेच मी म्हणाले. पलीकडून पंपाचा आवाज बंद झाल्याचे मला ऐकू आले.

पुढचे भाऊजींनी केले. त्यांनी ह्यांना फोन लावला, पोऱ्याचा नंबर दिला आणि दहा मिनिटांत पोऱ्याचा फोन वाजला. हे एक वाजता मनोऱ्याखाली जाऊन आले होते. मी तिथेही नाही म्हटल्यावर व्यवस्थापकांना म्हणाले, "तुम्ही मंडळींना घेऊन जावा. ती गावल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई," आणि परत मंडईत येऊन उभे राहिले होते. माझ्यापासून फार तर पाव कोसावर. तेवढे अंतर तोडायला निरोप सांगली जिल्ह्यातल्या आमच्या बांधावर जाऊन परत आला!

पोऱ्या म्हणाला, "काका, जागा सोडू नका, मी घेऊन येतो." म्हातारीने माझ्या गालाला हात लावला आणि ती तिच्या वाटेने गेली. तिचे नावही मला ठाऊक नाही.

ढीग नाही, पण हे होते

मंडईत आलो तर मी जागाच ओळखली नसती. बाजार दुपारी उठतो. गाळे गेले, खोकी गेली, फरशी धुऊन स्वच्छ. बोंडांचा ढीग मी खूण म्हणून धरला होता; ढगाच्या सावलीची खूण धरावी, त्यातला प्रकार! एकटी परत आले असते तरी शेजारून पुढे निघून गेले असते.

मोकळ्या जागेत हे एकटे उभे होते. पिशवी पोटाशी धरलेली. दशम्यांचे गाठोडे तसेच, सोडलेसुद्धा नव्हते. मला वाटले ओरडतील. चारचौघांत ओरडायची सवय आहे. पण बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, तू मागं हायस असंच समजून मी चाललो हुतो."

मी म्हणाले, "चाळीस वर्षं तसंच समजून चाललात."

ह्यांनी मान खाली घातली. पोऱ्याला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. पाच वर्षे आईला भेटलो नाही, एवढेच म्हणाला. मग दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्या हातात दिली, ती मात्र त्याने घेतली.

गोंडोलाची फेरी बुडाली. अर्ध्या तासाच्या त्या नावेला ९० युरो पडतात, ते सहलीच्या पैशात धरले होते, गेले ते गेले. देऊळ आतून पाहायचे राहिले. व्यवस्थापकांनी फोनवर सांगितले, की आता सान मार्कोला येऊ नका, रिआल्तोवरून उतारूंच्या सरकारी होडीने थेट त्रोंकेत्तोला या. माणशी साडेनऊ युरोचे तिकीट काढून आम्ही होडीच्या पुढच्या भागात बसलो. ती होडी गावातल्या मोठ्या कालव्यातून जाते. दोन्ही हातांना जुने राजेशाही वाडे, पायऱ्या पाण्यात बुडालेल्या, भिंतींवर शेवाळ. हे माझ्या शेजारी बसले होते. काही बोललो नाही आम्ही, पण साऱ्या सहलीत मला सगळ्यात आवडले ते हेच.

बस आमच्यासाठी खोळंबली होती. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी तोंड फिरवले. दोघांनी उभे राहून हात जोडून माफी मागितली.

निघण्याआधी एवढे करा

वाचक बंधुभगिनींनो, आमच्या चुकीतून तुम्ही एवढे घ्या. जोडीने निघालात तर पैसे आणि कागद दोघांकडे वाटून ठेवा; पासपोर्ट असो वा आधारकार्ड, ज्याचे त्याच्याजवळ. निदान झेरॉक्स तरी पदरात असावी. घरचा एक आणि बरोबरच्याचा एक, असे दोन फोन नंबर पाठ करा आणि चिठ्ठीवर लिहून जवळ बाळगा. ठिकाणाला पोचलात की आधी भेटायची जागा ठरवा. आणि ती जागा देऊळ, पूल, मनोरा अशी हलता न येणारी असावी, भाजीचा ढीग नसावा. चुकलात तर जिथे चुकलात तिथेच थांबा. दोघेही शोधत फिरू लागले तर दोघेही चुकतात. आणि पुढे चालणाऱ्याने अधूनमधून मागे वळून बघावे. त्याला काही खर्च येत नाही.

घरी आल्यावर नातीने मला इंग्रजी अक्षरे शिकवायला घेतली आहेत. एन, पी, केच्या पुढे बरीच मजल गेली आहे. मोटारीच्या खोलीवर भाऊजींच्या नंबराखाली माझाही नंबर रंगवून घेतला. रंगवणाऱ्या पोराने विचारले, "काकू, द्राक्षाचं गिऱ्हाईक आता तुमच्याशी बोलणार का?"

मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "बोलंना का. पण आधी मला तो पाठ करायचाय."